गोल्डन वन सेंटर, सॅक्रामेंटो : परभणीच्या पीटीच्या बाईंचा अभिप्राय

सॅक्रामेंटोचं ते बास्केटबॉलचं मैदान बघून आल्यापासून माझ्या जुन्या पोरी एकच विचारतात, "बाई, टीव्हीवर दिसतं तेवढं मोठं असतं का हो?" फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगून झालं. आता एकदाचं सगळं लिहून काढते. ज्यांची लेकरं कॅलिफोर्नियात आहेत आणि जे कधीतरी तिकडं जाणार आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

मी परभणीत एका शाळेत ३० वर्षं पीटी शिकवली. त्यातली २२ वर्षं मुलींचा बास्केटबॉलचा संघ माझ्याकडं होता. मुलगा फॉल्समला नोकरीला आहे. सॅक्रामेंटोपासून ते गाव परभणीहून जिंतूर जितकं, साधारण तितकंच लांब. २०२३च्या हिवाळ्यात मी त्याच्याकडं तीन महिने होते. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "आई, आधी काय बघायचं? समुद्र की डोंगर?" मी म्हटलं, "आधी किंग्जची मॅच."

किंग्जच का, त्याला कारण आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, दोन लढती मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाल्या होत्या, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. एनबीएचे दोन संघ भारतात येऊन एकमेकांशी खेळण्याची ती पहिलीच वेळ. पहिल्या दिवशी प्रेक्षागृहात शाळकरी लेकरंच लेकरं होती. त्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्या घरी टीव्हीपुढं १४ पोरी बसल्या होत्या. खाली सतरंजी, मधोमध चिवड्याची परात. लढत जादा वेळेत गेली आणि किंग्ज १३१-१३२ असे एका गुणानं हरले. एका गुणानं हरणं काय असतं ते आमच्या पोरींना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून त्या किंग्जच्या झाल्या, आणि त्यांच्यामुळं मीही.

तिकीट मुलानं एका पुनर्विक्रीच्या अ‍ॅपवरून काढलं. आधी दिसलेली किंमत आणि शेवटी कार्डातून गेलेली किंमत यांत बराच फरक निघाला, तेव्हा सगळे आकार धरून एकूण किती होतात ते आधी बघा. फॉल्समहून गोल्ड लाइन नावाची लोकल थेट शहराच्या मध्यात येते. तिनंच गेलो, कारण मला तो रस्ता पायी बघायचा होता. हे मैदान गावाबाहेर एखाद्या माळावर नाही, भर पेठेत आहे. पूर्वी तिथं डाउनटाउन प्लाझा नावाचा मॉल होता. त्याची रया गेल्यावर तो पाडून ही जागा घेतली. स्टेशनपासून चालत येताना फुटपाथवर बेघर माणसांचे तंबू दिसले. तेही लिहिते, कारण पुढं पैशाचा विषय येणार आहे.

बाहेरून इमारत पांढरी, पत्र्यांना झाडाच्या पानांसारखी छिद्रं. पुढच्या बाजूला विमानाच्या हँगरला असतात तशी अजस्र काचेची दारं आहेत. उन्हाळ्यात संध्याकाळी ती वर उचलतात आणि खाडीच्या बाजूनं येणारं गार वारं सरळ आत घेतात. त्या वाऱ्याला तिथले लोक डेल्टा ब्रीझ म्हणतात. मी गेले तेव्हा डिसेंबरची थंडी होती, दारं मिटलेली होती, ती उघडलेली बघायची राहूनच गेली. त्या दारांबद्दल वाचून मला आमच्या जुन्या शाळेतला हॉल आठवला. त्याच्या खिडक्या पश्चिमेला होत्या, एप्रिलमध्ये चार वाजता आत पाऊल ठेवता येत नसे. सॅक्रामेंटोचा उन्हाळाही ४० अंशांच्या पुढं जातो. पण तिथं वारं कुठल्या वेळी कुठून येतं ते आधी बघितलं आणि मग दारं कुठं ठेवायची ते ठरवलं. आत खुर्च्यांच्या खालून हवा सोडतात, म्हणजे माणूस बसतो तेवढाच भाग गार ठेवायचा, वरचं सगळं पोकळ आभाळ गार करत बसायचं नाही. वीज सौर. काही छतावरच्या पॅनेलांची, उरलेली शहराबाहेर रँचो सेको इथल्या सौर प्रकल्पातून येते. त्या जागी आधी अणुवीज केंद्र होतं, ते १९८९मध्ये लोकांनी मतदान करून बंद पाडलं. आपल्याकडं ऊन काय कमी आहे? मार्चपासून जूनपर्यंत ऊन सोडून आपल्याकडं दुसरं असतं तरी काय.

रस्त्यावरून आत शिरलं की आपण एकदम मधल्या मजल्यावर असतो आणि मैदान खाली दिसतं. बारवेच्या काठावर उभं राहून पाण्याकडं बघावं तसं. मी तिथंच थांबले. मुलगा म्हणाला, "आई, मागं माणसं आहेत." मला हलवेना. खाली मॅपलच्या लाकडाचा तो पिवळसर तुकडा, त्यावर दिव्यांचा उजेड, आणि कुठंही सावली नाही. खेळाडूच्या पायाखाली स्वतःची सावलीसुद्धा पडत नाही असा उजेड. आमच्या पोरींनी आयुष्यभर संध्याकाळी साडेपाचला रिंगची लांबलचक सावली तुडवत सराव केला.

बसायला साडेसतरा हजार जागा. आमच्या जागा वर होत्या. वरच्या पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील त्यांनी थोडे पैसे जास्त द्यावेत आणि खालचं तिकीट घ्यावं. पण वरून एक फायदा झाला, पाचही जणांची हालचाल एकदम दिसली. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागं पळतो. चेंडू नसलेला खेळाडू काय करतो ते तो दाखवत नाही, आणि खरा बास्केटबॉल तिथंच असतो. साबोनिस नावाचा त्यांचा उंच खेळाडू २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही मोसमांत रिबाउंडमध्ये, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पकडण्यात, सगळ्या लीगमध्ये पहिला होता. मी संध्याकाळभर त्याच्याकडंच बघत होते. तो फार उंच उड्या मारतच नाही. चेंडू सुटण्याआधीच पाठ लावून समोरच्याला बाहेर ठेवतो, पाय रुंद, ढुंगण खाली, हात वर. मी पोरींना २२ वर्षं हेच ओरडून सांगत होते, "उडी नंतर, आधी जागा धर!" आणि त्यांचा गार्ड फॉक्स. तो तेव्हा अजून याच संघात होता. डावखुरा, आणि असा सुटायचा की दोन्ही पायांमध्ये वेळच नाही.

एक गोष्ट मला नाही आवडली. खेळ चालू असतानाही कर्ण्यांवरून संगीत वाजतं. ती अमेरिकेतली सगळीकडची रीत आहे म्हणे. पण लाकडावर चेंडू आपटल्याचा आणि बूट करकरल्याचा आवाज मला ऐकायचा होता, त्यासाठी तर एवढ्या लांब गेले होते. किंग्जच्या फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकीच्या, आधी क्षणभर शांत व्हायचं तेव्हा कान देऊन ऐकून घेतलं.

खाणं महाग आहे, बाहेरचं नेता येत नाही. पण जेवण-खाणाचा बहुतेक माल दीडशे मैलांच्या आतल्या शेतांतून घ्यायचा हे त्यांचं धोरण मला फार पटलं. सॅक्रामेंटो राज्याची राजधानी असली तरी भोवती सगळी शेती, टोमॅटो, बदाम, भात. मोठ्या शहरांचे लोक तिला खेडंच समजतात. २००२च्या सुमारास लॉस एंजेलिस लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी या शहराला गाईगुरांचं गाव म्हणून हिणवलं होतं. तेव्हापासून इथले प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मॅचला येतात आणि समोरच्या संघाचा फ्री थ्रो असला की सगळ्या एकदम वाजवतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी आपली घंटा माझ्या हातात दिली. पितळेची नव्हती, पत्र्याची होती, पण आवाज अगदी आपल्या पोळ्याच्या दिवसाचा.

या बाई २०११च्या एप्रिलमधल्या त्या रात्री जुन्या मैदानावर हजर होत्या. त्यांनी ते सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण ती हकीकत मी आधी वाचली होती. ती इथं सांगितल्याशिवाय या इमारतीबद्दल काही सांगता येणार नाही.

किंग्ज हा मुळातच फिरस्ता संघ. रॉचेस्टरला सुरू झाला, १९५१मध्ये तिथंच एकदा एनबीएचा विजेता झाला, १९५७मध्ये सिनसिनाटीला गेला, १९७२मध्ये कॅन्सस सिटीला, आणि १९८५मध्ये सॅक्रामेंटोला. तीन गावांनी त्याला जाऊ दिलं होतं. सॅक्रामेंटोचं १९८८चं मैदान शहराच्या कडेला होतं आणि जुनं होत चाललं होतं. नवं बांधायला पाव टक्का विक्रीकर वाढवावा, असा प्रस्ताव २००६मध्ये लोकांपुढं मताला आला. दहातल्या आठांनी नाही म्हटलं. २००८मध्ये सिएटलचं काय झालं ते सगळ्यांसमोर होतं. तिथला सुपरसॉनिक्स हा ४१ वर्षांचा संघ मैदानाच्या भांडणात ओक्लाहोमा सिटीला गेला. नाव आणि रंग तेवढे सिएटलकडं उरले. २०११मध्ये किंग्जचे मालक संघ लॉस एंजेलिसजवळच्या अनाहाइमला न्यायला निघाले. १३ एप्रिलला मोसमातली शेवटची लढत होती, लेकर्सविरुद्ध. जादा वेळेत हरले. सगळ्यांना वाटलं ही इथली अखेरची लढत. आणि लोक उठेनात. दिवे मालवायची वेळ झाली तरी हजारो माणसं खुर्च्यांवर बसून राहिली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "घरी गेलो असतो तर ते खरं झालं असतं." मुलानं मला त्याचं मराठी करून सांगितलं, आणि नंतर बराच वेळ आम्ही कुणीच काही बोललो नाही.

तेव्हा महापौर होते केविन जॉन्सन. त्याच शहरात वाढलेले, फिनिक्सकडून कित्येक वर्षं एनबीए खेळलेले. त्यांनी स्थानिक व्यापाऱ्यांकडून सुमारे १ कोटी डॉलरची हमी गोळा केली आणि लीगपुढं जाऊन एक वर्ष मागून घेतलं. २०१२मध्ये नव्या मैदानाचा ठरत आलेला करार फिसकटला. जानेवारी २०१३मध्ये मालकांनी संघ सिएटलच्या गटाला विकायचं ठरवलं. ज्यांचा संघ गेला होता तेच आता दुसऱ्याचा न्यायला आले होते, आणि त्यांची दुखरी जागाही खरीच होती. मार्चमध्ये सॅक्रामेंटोच्या नगर परिषदेनं ७ विरुद्ध २ मतांनी नव्या मैदानाचा आराखडा मान्य केला. १५ मे २०१३ला लीगमधल्या संघांच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी संघ हलवायला नकार दिला. मग विवेक रणदिवे यांच्या गटानं तो विकत घेतला, संघाची किंमत ५३.४ कोटी डॉलर धरून. मुंबईत जन्मलेले रणदिवे एनबीएमधले भारतात जन्मलेले पहिले मुख्य मालक.

रणदिव्यांचं नाव आपल्याकडं पैशासाठी घेतात. मला त्यांची दुसरी गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी स्वतः बास्केटबॉल कधी खेळला नव्हता, तरी मुलीच्या संघाला, बारा वर्षांच्या पोरींना, त्यांनी शिकवलं. त्या पोरी ना उंच होत्या ना फार कुशल. रणदिव्यांनी त्यांना पूर्ण कोर्टभर प्रेस लावायला शिकवलं, समोरच्याला चेंडू आतच आणू द्यायचा नाही. आमच्याकडंही उंच पोरी कधीच नव्हत्या. आम्हीही प्रेसच लावायचो. नांदेडला एका स्पर्धेत आमच्यापेक्षा हातभर उंच पोरींना आम्ही तशाच दमवल्या होत्या.

आता पैसा. इमारतीचा खर्च शेवटी ५५ कोटी डॉलरच्या पुढं गेला. त्यातला २५.५ कोटींचा वाटा शहराचा. त्याचा मोठा भाग कर्ज काढून उभा केला आणि ते कर्ज शहराच्या पार्किंगच्या उत्पन्नातून फेडायचं. ठरल्यापेक्षा जास्त झालेला खर्च संघानं सोसला. म्हणजे डाउनटाउनमध्ये दवाखान्याला गाडी घेऊन आलेला माणूसही पुढची कित्येक वर्षं या रिंगचे पैसे भरणार. याविरुद्ध तिथं पुष्कळ लोक बोलले, कोर्टातही गेले. फुटपाथवरचे ते तंबू बघून आत शिरलेल्या माणसाला त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. मला तरी आलं नाही.

आणि २००६च्या त्या दहातल्या आठांचाही मला राग येत नाही. मीही एकदा तसंच मत दिलेलं आहे.

आमच्या शाळेनं १९९८मध्ये मैदानात बास्केटबॉलचं कोर्ट केलं. परभणीची माती काळी, कापसाची. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल अशा भेगा पडतात. आमच्या ठेकेदारानं ती माती न काढताच वर काँक्रीट टाकलं. दुसऱ्या पावसाळ्यात कोर्ट मधून फुटलं. भेगेवर चेंडू पडला की तो वर यायच्या ऐवजी बाजूला पळायचा. पोरी त्या भेगा पाठ करून खेळायच्या. बाहेरचा संघ आला की भेगेकडं ढकलून चेंडू काढून घ्यायच्या, त्यात त्यांची फार हुशारी होती. २००९मध्ये पालकसभेत विषय निघाला. जमलेल्या पैशांत एक तर कोर्ट नव्यानं करायचं, नाही तर मुलींची स्वच्छतागृहं बांधायची. मी स्वच्छतागृहांसाठी हात वर केला. आजही केला असता. पण त्यानंतर कोर्टाचा विषय परत कुणी काढला नाही, आणि मीही काढला नाही. पुढं अर्ध्या कोर्टावर चार वर्गखोल्या आल्या. रिंगचे खांब स्टोअरमध्ये गेले.

आमचा संघ कुणी विकत घेतला नाही, कुणी दुसऱ्या गावाला नेला नाही. एकेक मुलगी करून गेला. सर्वांत चांगली गार्ड संभाजीनगरला होस्टेलवर गेली, तिच्या मागं सेंटरला खेळणारी पोरगी पुण्याला. बाकीच्यांनी दहावीनंतर सोडलं. एका पोरीच्या वडिलांनी मला सरळ विचारलं होतं, "बाई, इथं राहून ती खेळणार कुठं? सांगा ना, मी ठेवतो तिला." मला सांगता आलं नाही.

म्हणून मी त्या मैदानात सगळं बघत होते ते या एकाच प्रश्नासाठी. कुणी विचारलं असतं "खेळणार कुठं?", तर सॅक्रामेंटोकडं बोट दाखवायला जागा होती. जागा आली म्हणून संघ लगेच जिंकायला लागला असंही नाही. इमारत २०१६ला उघडली आणि प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्या, उजाडल्या २०२३मध्ये, सलग १६ मोसम कोरडे गेल्यावर. एनबीएच्या इतिहासात एवढा दुष्काळ दुसऱ्या कुठल्या संघानं काढलेला नाही. त्या प्लेऑफमध्येही पहिल्याच फेरीत, घरच्या मैदानावर, सातव्या लढतीत गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टीफन करीनं ५० गुण मारले आणि किंग्ज बाहेर गेले. दुष्काळ काय असतो ते मराठवाड्याला कुणी सांगायला नको, आणि दुष्काळात पेरणी सोडत नाहीत हेही नको.

मी गेले त्या रात्री किंग्ज जिंकले. जिंकले की खेळाडू एक मोठं बटण दाबतात आणि छतावरून जांभळ्या लेझरचा झोत सरळ आकाशात जातो. २०२२पासूनची ही प्रथा. आम्ही बाहेर चौकात उभं राहून मान वर करून बघितलं. शेजारच्या त्या बाईही गर्दीत दिसल्या. त्यांनी हात केला, मी हातातली घंटा परत द्यायला पुढं झाले, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

तर ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: अर्धा तास नाही, चांगला एक तास आधी जा आणि सराव बघा. खरं शिकायला तिथंच मिळतं. पीटीचे सर किंवा बाई असाल तर वरचंच तिकीट काढा, गुडघे साथ देत असतील तर. एप्रिल-ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर ती दारं उघडी असतात का ते बघून मला कळवा.

इकडचं सांगायचं तर, आमच्या कॉलनीच्या लेआउटमधली मोकळी जागा वापरायला सगळ्या घरांनी सह्या दिल्या आहेत. ४३ घरं. त्यातल्या ११ घरांत लेकरूच नाही, तरी दिल्या. २००५च्या संघातली माझी एक फॉरवर्ड आता सिव्हिल इंजिनिअर आहे, तिनं अंदाजपत्रक काढून दिलं. काळी माती तीन फूट खोल काढायची, थराथरानं मुरूम भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवायचा, मग सोलिंग म्हणजे दगडांचा थर, आणि सगळ्यात वर ट्रिमिक्स, म्हणजे जादा पाणी ओढून काढलेलं काँक्रीट. पाणी बाजूला जायला नाली आधी, कोर्ट नंतर. आखणी २८ बाय १५ मीटर आणि चहूबाजूंनी दोन मीटर मोकळी जागा. छत आत्ता होणार नाही, पण खांबांसाठी पाया आत्ताच सोडून ठेवायचा असं तिनं बजावलं आहे. शाळेच्या स्टोअरमधले जुने खांब हेडसरांनी द्यायचं कबूल केलं आहे. गंजलेत, पण सरळ आहेत. जेसीबी रविवारी सकाळी सात वाजता येणार आहे.